गोदामात लाकूड कुठे वापरावे, कुठे नाही: कमी कार्बनच्या संमिश्र सांगाड्याची कृती

गोदामाच्या बांधकामातला कार्बन कमी करायचा म्हटले की पहिली चर्चा छताच्या लाकडी बीमची सुरू होते. छत डोळ्यांना दिसते म्हणून असेल. पण एकमजली गोदामात काँक्रीटची फरशी बहुधा सांगाड्याइतकाच, कधी त्याहून जास्त कार्बन खाते. त्यामुळे सगळे गोदाम लाकडाचे करण्यात फारसा अर्थ नसतो. जो माल जिथे कमीत कमी किलोंत काम करतो, तो तिथेच लावायचा. लाकूड वाकणाऱ्या लांब बीमला, स्टील ओढ घेणाऱ्या सळयांना आणि जोडांना, काँक्रीट पायाला आणि फोर्कलिफ्टची धडक बसू शकते त्या उंचीपर्यंतच्या कॉलमला. संमिश्र सांगाडा म्हणजे एवढेच. अवघड भाग या तीन मालांच्या सांध्यांत आहे.

आधी हिशेब, मग चित्र

नकाशावर रेघ मारण्याआधी एक साधा तक्ता करा: प्रत्येक भागाचे प्रति चौरस मीटर किलो, त्याला त्या मालाचा कार्बन आकडा गुणून. सुरुवातीला पुढचे आकडे चालतील. भट्टीत खनिजापासून केलेले स्टील किलोमागे २ ते २.५ किलो कार्बन डायऑक्साइड. भंगारापासून विजेच्या भट्टीत केलेले ०.५ ते १ किलो. फळ्या एकमेकींवर चिकटवून केलेला बीम, म्हणजे ग्लुलॅम, किलोमागे साधारण ०.५ किलो. साध्या सिमेंटचे फरशीचे काँक्रीट घनमीटरला ३०० किलोच्या आसपास. मालाची निवड पक्की झाली की हे ठोकताळे पुसून पुरवठादाराच्या पर्यावरण घोषणापत्रातले, म्हणजे ईपीडीतले, आकडे घाला. दोन ग्लुलॅम कारखान्यांच्या आकड्यांत दुपटीचाही फरक पडू शकतो. फळ्या वाळवायची भट्टी लाकडाच्या भुशावर चालते की गॅसवर, यावर बरेच ठरते.

झाडाने वाढताना शोषलेला कार्बन लाकडात साठून राहतो. ४५० किलो घनतेच्या, १२ टक्के ओलाव्याच्या एका घनमीटर लाकडात सुमारे ७३५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका साठा असतो: ४५० भागिले १.१२ हे कोरडे वजन, त्याचा निम्मा कार्बन, गुणिले ४४ भागिले १२. हा आकडा मोहात पाडतो. तो उत्पादनाच्या आकड्यातून वजा करून "आमचे गोदाम शून्याखाली" असे सांगणारे सादरीकरण पाहिले, की शेवटच्या टप्प्याचा तक्ता मागावा. गोदाम पाडून लाकूड जाळले किंवा कुजवले की तो साठा पुन्हा हवेत जातो, आणि युरोपीय मानक पद्धतीत तो त्या टप्प्यावर उत्सर्जन म्हणून पुन्हा जमेस धरावाच लागतो. म्हणून साठा वेगळ्या ओळीत दाखवा, तुलना त्याशिवाय करा.

एका खणाचे गणित

२४ मीटर स्पॅन, म्हणजे बीमच्या दोन टेकूंमधले अंतर, बीम ८ मीटरवर, बर्फ न पडणारी जागा. छताचा कायमचा भार, सोलर पॅनेल, पाइप आणि सांगाड्याच्या स्वतःच्या वजनासकट, ०.६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरू. देखभालीचा भार ०.७५. सुरक्षा गुणक लावून १.९३ होतात, म्हणजे बीमवर मीटरला १५.५ किलोन्यूटन. मधोमध वाकवणारा मोमेंट सुमारे १,११५ किलोन्यूटन-मीटर.

जीएल २८ एच दर्जाच्या ग्लुलॅमला युरोकोड ५, म्हणजे लाकडी बांधकामाचे युरोपीय मानक, याप्रमाणे, अल्पकाळच्या भारासाठी, सुमारे २० न्यूटन प्रति चौरस मि.मी. ताण वापरता येतो. ताकदीपुरता २२० × १,२३० मि.मी. छेद पुरतो. पण तेवढ्यावर थांबू नका. लाकडात निर्णय वाकावर होतो. २२० × १,३६० घेतला तर पूर्ण भाराखाली वाक ८० मि.मी. येतो, म्हणजे स्पॅनचा तीनशेवा भाग. शिवाय कायमच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते. त्याचे आणखी वीसेक मि.मी. धरा. कारखान्यातच ६० मि.मी. उलटा वाक, म्हणजे कॅम्बर, द्यायला सांगा. तो विसरला आणि छताचा उतार कमी असला, तर मध्यभागी पाणी साचते, पाण्याच्या वजनाने बीम आणखी वाकतो, म्हणून आणखी पाणी साचते. हलक्या, सपाट छतांचा हा जुना आजार आहे आणि लाकडात तो जास्त बळावतो.

पर्लिन, म्हणजे बीमवर आडवी टाकलेली छताची तुळई, ८ मीटर लांबीची, ३ मीटरवर, १४० × ४०० मि.मी., जीएल २४ एच. वर खोल घडीचा स्टीलचा पत्रा, त्यावर दगडी लोकर आणि वॉटरप्रूफिंग.

बीमचे लाकूड चौरस मीटरला ०.०३७ घनमीटर, पर्लिनचे ०.०१९. मिळून ०.०५६ घनमीटर, म्हणजे २५ किलो. त्याचा कार्बन सुमारे १२.५ किलो. ट्रकने १,००० किलोमीटर आणले तर अडीच किलो आणखी, टन-किलोमीटरला ०.१ किलो धरून. घनमीटरमागे २५ किलो स्टील जोडांत गेले तर तीनेक किलो. एकूण साधारण १८.

हेच छत स्टीलच्या पोर्टल फ्रेमने, म्हणजे कॉलम आणि बीम कोपऱ्यात पक्के जोडलेल्या चौकटीने, केले आणि पर्लिनसकट चौरस मीटरला २२ किलो लागले असे धरू. खनिजाच्या स्टीलचा आकडा २.३ घेतला तर ५१ किलो येतात. बचत तेहेतीस किलोंची, भरघोस. पण स्टील भंगारापासूनचे असेल आणि आकडा ०.८ असेल, तर १८ किलोच येतात आणि बचत जवळजवळ शून्य. ही गोष्ट लाकूड विकणारे सांगत नाहीत. त्यामुळे तुमच्या बाजारात खरोखर कोणते स्टील मिळते, हे आधी विचारा, आणि तुलना त्याच्याशी करा.

खण कसा आखावा

गोदामाच्या मालकाला कॉलम नकोसे असतात, म्हणून ३०-३५ मीटरचे मोकळे स्पॅन मागितले जातात. वाक बेताचा ठेवायचा तर लाकडी बीमची खोली स्पॅनच्या प्रमाणात वाढवावी लागते. साध्या सरळ बीमला स्पॅनचा सतरावा-अठरावा भाग खोली लागते. ३२ मीटरला ती १.८ मीटरच्या पुढे जाते. तेवढी उंची सगळ्या भिंतींना वाढवावी लागते, आत तापवायची-थंड करायची हवा वाढते, आणि चौरस मीटरमागे लाकूडही वाढते. रॅकच्या ओळीत कॉलम बसवता आला तर तो कोणाला अडत नाही. म्हणून रॅकचा आराखडा आधी मागा. रॅकच्या पाठीला पाठ लागते त्या पट्ट्यात कॉलम टाका, आणि स्पॅन १८ ते २४ मीटरमध्ये बसवा. सगळ्या कृतीतली ही सर्वांत स्वस्त कार्बन बचत, आणि ती फक्त पेन्सिलीने होते.

वाहतूकही इथेच तपासा. चाळीस फुटी कंटेनरची आतली लांबी १२ मीटरच्या जरा वर असते. त्याहून लांब बीम कंटेनरने येणार नाही. लांब बीम रस्त्याने आणायचा तर वळणे, पूल, परवानगी हे सगळे बघावे लागते. मधोमध जोड देऊन दोन तुकड्यांत आणावा, तर जिथे मोमेंट सर्वाधिक तिथेच जोड येतो आणि त्यात स्टील ओतावे लागते. त्यापेक्षा बीम कॉलमच्या पुढे थोडा बाहेर काढून, पुढचा तुकडा त्या टोकावर टेकवावा. जोड मोमेंट जवळजवळ शून्य असलेल्या जागी येतो आणि हलका राहतो.

कोणता मेळ निवडावा

सर्वसाधारण गोदामासाठी आमची पहिली पसंती एकच: पायात पक्के बसवलेले काँक्रीटचे किंवा स्टीलचे कॉलम, त्यावर नुसता टेकवलेला ग्लुलॅम बीम, लाकडी पर्लिन, स्टीलचा पत्रा. आडवे बल कॉलम खालून पेलतात, त्यामुळे बीम आणि कॉलमच्या कोपऱ्यात मोमेंट पेलणारा जोड लागत नाही. लाकडी पोर्टल फ्रेमचा कोपरा दिसायला देखणा असतो. पण त्यात वर्तुळाकार मांडलेल्या डॉवेल पिनांचे, म्हणजे लाकडात ठोकलेल्या स्टीलच्या गुळगुळीत सळ्यांचे, मोठे जोड लागतात आणि कोपऱ्यातले लाकूड रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडवे ओढले जाते.

दुसरा मेळ, स्टीलचीच फ्रेम ठेवून पर्लिन आणि छताची पॅनेले लाकडाची करायची. बचत लहान, पण जोखीमही लहान. लाकडाचा अनुभव नसलेल्या ठेकेदाराला सुरुवातीला हाच द्यावा. तिसरा मेळ, वर लाकडी दाबपट्टी आणि खाली स्टीलची ओढसळई असलेला ट्रस. त्यात लाकूड सर्वांत कमी लागते आणि लाकडातले ओढीचे कटकटीचे जोड टळतात. मात्र ती बारीक सळई आगीत काही मिनिटांत ताकद गमावते, आणि तिला वेगळे संरक्षण न दिल्यास वरचे भक्कम लाकूड काही कामाचे राहत नाही.

लाकडी कॉलम गोदामात शक्यतो नकोतच. फोर्कलिफ्ट, जमिनीचा ओलावा, वाळवी: तिन्ही शत्रू तळाला. हवेच असतील तर तळाचा दीड मीटर काँक्रीटचा करा आणि लाकूड त्याच्या वर स्टीलच्या बुटावर उभे करा, खाली पाणी साचणार नाही अशा रीतीने.

फरशी: मोठी बचत इथे

२०० मि.मी. जाडीची साध्या सिमेंटची फरशी, घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरून, चौरस मीटरला ६० ते ६५ किलो कार्बन. वरच्या छताच्या गणिताशेजारी ठेवून बघा. निम्मे सिमेंट काढून पोलाद कारखान्यातली दळलेली स्लॅग घातली तर हा आकडा चाळिशीच्या खाली येतो. एवढ्या एका निर्णयाने जवळजवळ छताएवढी बचत, आणि त्याला एकही बोल्ट लागत नाही.

पण कृती बदलावी लागते. स्लॅगचे काँक्रीट उशिरा घट्ट होते. पॉवर फ्लोट, म्हणजे फरशी घोटायचे मशीन, फिरवायची वेळ दोन-चार तासांनी पुढे जाते, थंडीत त्याहूनही. कामगार रोजच्या घड्याळाने मशीन फिरवायला लागले, की वर आलेले पाणी पृष्ठभागात कोंडले जाते आणि सहा महिन्यांनी फोर्कलिफ्टच्या चाकाखाली धूळ सुटू लागते. बुटाचा ठसा ३ ते ५ मि.मी. उमटतो, त्याहून खोल नाही, अशी अवस्था आली की मशीन चढवा; घड्याळ बघू नका. पाणी मारणे किंवा क्युरिंग कंपाउंडची मुदत दुपटीने वाढवा. ताकद २८ ऐवजी ५६ दिवसांवर मोजायची असे निविदेतच लिहा, आणि रॅक उभे करायची तारीख त्याला जुळवा. नाहीतर ठेकेदार भीतीपोटी सिमेंट वाढवतो आणि वाचवलेले सगळे परत जाते.

जाळीऐवजी स्टीलचे तंतू घालून जाडी २० मि.मी.ने कमी करता येते, पण तंतू फुकट येत नाहीत. घनमीटरला ३० किलो तंतू, किलोमागे २ किलो कार्बन, १८० मि.मी. फरशी: चौरस मीटरला ११ किलो. २० मि.मी. काँक्रीट कमी झाल्याने सहाच वाचतात. काढून टाकलेल्या जाळीचे वजन जमेस धरल्यावरच सौदा फायद्यात येतो की नाही ते कळते. त्याआधी रॅकच्या पायाखालचा खरा भार विचारा. "जड गोदाम" एवढ्या शब्दावर कित्येक फरश्या उगाच जाड ओतल्या जातात.

टेकूपाशी काय होते

वरच्या उदाहरणात बीमच्या टोकाला १८६ किलोन्यूटन प्रतिक्रिया येते. लाकूड रेषेच्या दिशेने भक्कम, पण आडव्या दाबाला मऊ: ग्लुलॅमची आडवी दाबक्षमता फक्त २.५ न्यूटन प्रति चौरस मि.मी. गुणक लावून २२० मि.मी. रुंद बीमला सुमारे २७० मि.मी. लांब टेकू लागतो. कॉलमचे डोके २०० मि.मी.चे असले की बीम त्यावर दबतो, पत्रा खाली येतो, आणि दोष "सेटलमेंट"ला दिला जातो. टेकू वाढवता येत नसेल तर खालून पूर्ण आट्यांचे लांब स्क्रू उभे घाला. ते भार खोलवर नेतात. काँक्रीट आणि लाकूड यांच्यामध्ये स्टीलची प्लेट किंवा रबरी पॅड हवेच, म्हणजे काँक्रीटचा ओलावा लाकडात चढत नाही.

आता सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. बीम कडेला पडू नये म्हणून कॉलमच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी उभ्या प्लेटांचा चिमटा करतात. त्यात बोल्ट टाकताना एक खाली, एक वर, दोन्हींची भोके घट्ट. कागदावर छान दिसते. पण बीम १२ टक्के ओलाव्यावर येतो आणि तापणाऱ्या पत्र्याखाली ८ टक्क्यांपर्यंत सुकतो. लाकूड रेषेला आडवे, ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला, साधारण ०.२५ टक्के आकसते. १,३६० मि.मी. खोलीला ते १३ ते १४ मि.मी. होतात. दोन्ही बोल्ट त्याला आकसू देत नाहीत, मग बीम दोन बोल्टांच्या मध्ये टोकापासून आत आडवा फाटतो. उपाय साधा: घट्ट बोल्ट फक्त तळाजवळ, वरच्या बोल्टला प्लेटमध्ये उभे लांबट भोक, आणि बोल्ट त्या भोकाच्या वरच्या टोकाशी बसवायचा, कारण बीम आकसताना तो खाली सरकणार आहे. भोकाच्या मधोमध किंवा खालच्या टोकाशी बसवला तर अर्धी किंवा सगळी जागा वाया जाते.

वारा छताला वर ओढतो हेही विसरू नका. लाकडी छत हलके. शोषण १ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर असेल, तर सुरक्षा गुणकासह आणि छताचे किमान वजन वजा जाता, बीमच्या प्रत्येक टोकाला १०० किलोन्यूटनच्या वर ओढ येते. नुसता टेकवलेला बीम त्यात उचलला जाईल. तळाचे बोल्ट त्या ओढीसाठी मोजा. शिवाय उलट्या भाराखाली बीमची खालची कड दाबात जाते आणि तिला धरायला कोणी नसते, कारण पर्लिन वर असतात. मधल्या काही पर्लिनपासून बीमच्या खालच्या कडेपर्यंत तिरके टेकू द्या.

पिनांच्या जोडात पिनांची संख्या आणि ताकद सरळ प्रमाणात वाढत नाही. रेषेच्या दिशेने एका ओळीत, व्यासाच्या पाचपट अंतरावर चार पिना टाकल्या तर युरोकोडच्या सूत्राने त्या २.७ पिनांइतकेच काम करतात. १२ मि.मी. पिनेला ओढीच्या टोकापासून किमान ८४ मि.मी. अंतर लागते. जागा नाही म्हणून ते ६० वर आणले, की पिनेमागचे लाकूड ठोकळ्यासारखे निघून येते. नॉर्वेतला त्रेत्तेन पूल ऑगस्ट २०२२ मध्ये कोसळला तो अशाच प्रकारे: जोडातल्या पिनांच्या संपूर्ण गटाभोवतीचे लाकूड एकगठ्ठा सुटले. डेन्मार्कमधल्या बॅलरुपच्या क्रीडागृहाचे दोन ग्लुलॅम ट्रस जानेवारी २००३ मध्ये पडले, तेही जोडाच्या गणितातल्या चुकीने.  म्हणून जोडाचे गणित दोनदा तपासा.

जोडांतल्या स्टीलचा कार्बनही मोजा. घनमीटर लाकडामागे ८० किलो स्टील गेले, तर २.३ च्या आकड्याने १८४ किलो होतात. त्या घनमीटर लाकडाचे स्वतःचे उत्पादन २२५ किलोंचे. असा जोड आला की पुन्हा पेन्सिल हातात घ्या.

एक छोटी गोष्ट: स्टील तापमानाने लाकडाच्या दोन-तीन पट वाढते. ६० मीटर लांब स्टीलची कडपट्टी लाकडी बीमांना जागोजाग घट्ट बोल्ट केली, तर ४० अंशांच्या फरकाला तिची लांबी २९ मि.मी. बदलू पाहते. मध्ये सरकता सांधा द्या.

आग, स्प्रिंकलर आणि विमा

लाकूड जळते, पण ठरावीक वेगाने. ग्लुलॅमचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे ०.७ मि.मी. कोळसा होत आत जातो. त्यात तापून कमजोर झालेला ७ मि.मी. थर मिळवायचा. ३० मिनिटांना २८ मि.मी., ६० मिनिटांना ४९. आपला २२० चा बीम तिन्ही बाजूंनी ६० मिनिटे जळाल्यावर १२२ मि.मी. रुंद उरतो आणि आगीच्या वेळचा कमी भार पेलतो. १४० ची पर्लिन मात्र ४२ मि.मी.ची फळी होते. तासभराचा दर्जा हवा तर पर्लिन जाड करा, नाहीतर बीमला बाजूने धरणारे कोणी उरणार नाही. संरक्षण नसलेला बोल्टचा जोड १५ मिनिटांचाच धरला जातो. प्लेट लाकडाच्या खाचेत आत लपवा आणि पिनांची तोंडे लाकडी डाटांनी बुजवा.

विमा कंपनीशी बोलणे पहिल्या महिन्यातच करा. त्यांचा आक्षेप बहुधा बीमवर नसतो, छताच्या खालच्या पृष्ठभागावर असतो. उघडी लाकडी पॅनेले आग छतभर पळवतात; लाकडी बीमवर स्टीलचा पत्रा आणि दगडी लोकर ठेवली तर चर्चा बरीच सोपी होते. खोल बीम स्प्रिंकलरचा फवारा अडवतात, म्हणून प्रत्येक खणात वेगळी ओळ लागू शकते. उंच रॅकवरच्या जलद स्प्रिंकलरला मालाच्या माथ्यापासून किमान ९०० मि.मी. मोकळी जागा हवी. स्प्रिंकलरचे पाइप बीमच्या तळाला टांगू नका: तळच्या फळ्या खाली ओढल्या जाऊन बीम रेषेत फाटतो. टांगणीचे स्क्रू बीमच्या निम्म्या उंचीच्या वर घ्या. आणि साइटवर कोणी ड्रिल घेऊन "एवढेच एक भोक" पाडू नये, म्हणून पाइपांचे नकाशे बीम कापायला जाण्याआधी पक्के करा.

ओलावा, गोंद, वाळवी

मानकांत ओलाव्याचे तीन वर्ग आहेत. बंद कोरडे गोदाम पहिल्यात, उघडे शेड दुसऱ्यात, पावसात भिजणारे तिसऱ्यात. माल चढवायच्या दाराबाहेर निघणाऱ्या छज्जाला लाकूड वापरू नका. तो भाग स्टीलचा करा. जर्मनीतल्या बाड राइशेनहॉलच्या बर्फाच्या क्रीडागृहाचे छत २ जानेवारी २००६ रोजी कोसळून १५ जण गेले. पेटीबीमांतला युरिया गोंद दमट हवेत वर्षानुवर्षे कमजोर झाला होता. शीतगृहासाठी किंवा दमट मालाच्या गोदामासाठी गोंदाचा प्रकार मागणीपत्रात लिहूनच घ्या.

वाळवीच्या प्रदेशात निम्मे काम रचना करते: लाकूड जमिनीपासून दूर, कॉलमचा पाय उघडा आणि दिसता, मातीच्या नळ्या चढताना लगेच कळतील असा. रासायनिक प्रक्रिया हवी तर चिकटवण्याआधी फळ्यांना दिलेली चांगली. स्प्रूस औषध आत घेतच नाही, पाइनचे बाहेरचे लाकूड चांगले घेते. झाडाची जात विचारा. तांब्याचे औषध दिलेल्या लाकडात जस्त चढवलेले स्क्रू ओलावा लागताच गंजतात, तिथे स्टेनलेस वापरा.

मागणी आणि उभारणी

मागणीपत्रात ताकदीचा दर्जा, येतानाचा ओलावा, गोंद, कॅम्बर, जंगलाचे प्रमाणपत्र आणि त्याच कारखान्याचे ईपीडी या सहा गोष्टी लिहा. "किंवा समतुल्य" हे शब्द ईपीडीच्या ओळीत नकोत.

कारखाना लाकूड मि.मी.च्या अचूकतेने कापतो. पाया ओतणारा सेंटिमीटरच्या. म्हणून कॉलम उभे राहिल्यावर सर्व्हे करा, प्रत्यक्ष अंतरे कारखान्याला पाठवा, मगच कापायला सांगा. वेळ नसेल तर बेसप्लेटखाली ३० ते ५० मि.मी. ग्राउट आणि बोल्टांना सैल भोके ठेवा.

बीम आले की जमिनीपासून ३०० मि.मी. वर, ठोकळ्यांवर ठेवा. प्लॅस्टिकचे वेष्टण खालून फाडून ठेवा, नाहीतर आत घाम साचून काळे डाग आणि बुरशी येते. कापलेली टोके सीलरने बंद हवीत. पाणी बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने आत शिरते. उचलताना साखळी नको, रुंद पट्टे लावा आणि कडांना संरक्षण द्या. खोल, अरुंद बीम हुकावरून सोडला की कलंडतो, म्हणून कडेचे टेकू बसल्याशिवाय क्रेन सोडायची नाही. पहिले दोन बीम आणि त्यांच्यामधले पर्लिन-कैचीसळया मिळून एक कडक पेटी करा, मग पुढचे तिला बांधत जा. जोराचा वारा आला तर अर्धवट उभे छत तीच पेटी सांभाळते.

स्क्रू इम्पॅक्ट गनने मारू नका. लांब स्क्रूचे डोके तुटते किंवा आटे लाकूड खरवडतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. टॉर्क मर्यादेचे मशीन वापरा, तुटलेला स्क्रू तसाच ठेवून शेजारी मारू नका, डिझायनरला विचारा.

छत झाकल्यावर एसी किंवा हीटर एकदम पूर्ण चालू केले तर बीम वरून पटकन सुकतात आणि तडे जातात. पहिले दोन-तीन महिने हळूहळू न्या. रेषेच्या दिशेने गेलेले बारीक तडे नेहमीचे असतात; बाजूपासून रुंदीच्या सहाव्या भागापर्यंत खोल असतील तर सहसा चिंता नाही. पातळ पट्टी आत घालून खोली मोजा आणि बीमवर खडूने तारीख लिहा. जोडाच्या पिनांच्या ओळीतून जाणारा तडा मात्र कितीही बारीक असला तरी डिझायनरला दाखवा. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा गेल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण लाकूड आकसल्याने वॉशर सैल झालेले असतात. दर वर्षी पावसाआधी छताची गटारे साफ करा आणि बीमच्या टोकांशी ओलावामापक लावा. आकडा २० टक्क्यांवर गेला तर गळती कुठून होते ते त्याच आठवड्यात शोधा.